मालिशीला तिळाचं तेल की खोबरेल?

साताऱ्यात थंडी पडली की खोबरेल बाटलीतच थिजतं. साधारण २४ अंशांच्या खाली ते घट्ट व्हायला लागतं. मग बाटली गरम पाण्यात ठेवा आणि वाट बघा. तिळाचं तेल पातळच राहतं. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं, तळहातांवर चोळायचं, मग मानेकडून खांद्याकडे आणि पोटऱ्यांवर खालून वर लांब हात फिरवायचा. मणक्यावर दाब नको, त्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे चालवा. घाण्याच्या तेलाला वास मात्र उग्र, आणि चादरीवरचे डाग लवकर निघत नाहीत; जुनं लुगडं अंथरलेलं बरं. सांगलीच्या उन्हाळ्यात खोबरेलच सोसवतं. आईच्या गुडघ्यांना मात्र बारमाही तिळाचंच, ती दुसरं लावूच देत नाही.