घरी बांधलेले स्पीकर मोजायची साधनं: सात महिन्यांच्या वापरानंतर

लातूरला घरी साडेसहा इंची वूफर (खालच्या सुरांचा) आणि एक इंची डोम ट्वीटर (वरच्या सुरांचा) घेऊन मी स्पीकरची जोडी बांधली, बाबांच्या भजनाचं रेकॉर्डिंग ऐकायला. वूफरसोबत आलेल्या कागदावरचे आकडे खरे धरून 22 लिटरची पोर्टवाली, म्हणजे हवेसाठी नळी असलेली, पेटी केली. बाबा पहिलाच अभंग ऐकून म्हणाले, "पखवाजाचे बोल कळंनात रे, नुसतं घुमायलंय." खरं होतं ते. मग मोजायचं सामान जमवलं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो सगळ्यात स्वस्त वस्तूचा. 100 ओहमचा रेझिस्टर, दोन वायरी, पिना आणि साउंडकार्ड, एवढ्यात इम्पीडन्स (वेगवेगळ्या हर्ट्झला वूफर विजेला करतो तो अडथळा) मोजायची जिग, म्हणजे जोडणी, तयार होते. सॉफ्टवेअर आरईडब्ल्यू, म्हणजे रूम ईक्यू विझार्ड. जॉन मलकाही यांनी केलेलं, फुकट, लिनक्सवरही चालतं. थील यांनी 1961 साली मांडलेलं आणि पुढे स्मॉल यांनी वाढवलेलं गणित वापरून ते वूफरचे गुण काढून देतं. व्हाससाठी (वूफरच्या लवचिकतेइतकीच लवचिक हवा किती लिटर, तो आकडा) कोनवर, म्हणजे वूफरच्या पडद्यावर, ठरावीक वजन ठेवावं लागतं. स्टीलचं नाणं वूफरच्या चुंबकाकडे ओढलं जातं, म्हणून मुलांची खेळायची माती घेतली आणि सराफाकडच्या काट्यावर बरोबर 10 ग्रॅम करून आणली.

कागदावर एफएस (वूफर आपोआप ज्या हर्ट्झला डोलतो तो आकडा) 48 हर्ट्झ, क्यूटीएस (ते डोलणं किती आवरलं जातं; आकडा मोठा तेवढं कमी आवरलेलं) 0.38. मोजल्यावर 55 आणि 0.58. चुंबकात सांगितला तेवढा जोरच नव्हता. असा वूफर पोर्टवाल्या पेटीत घुमणारच. व्हास 15 लिटर निघाला, म्हणून पोर्ट बुजवून तीच पेटी बंद केली. क्यूटीसी (तोच आकडा, बंद पेटीत बसवल्यावरचा) 0.75 आला आणि पखवाज मोकळा झाला.

माईक युमिक-1 घेतला, यूएसबीवर चालणारा मोजणीचा माईक. त्याच्या सीरियल नंबरची कॅलिब्रेशन फाईल (त्या माईकची चूक सुधारणारी) संकेतस्थळावरून मिळते, ती आरईडब्ल्यूमध्ये टाकायची विसरू नका. खरी अडचण खोलीची आहे. स्पीकर आणि माईक दोन्ही 1 मीटर उंचीवर, मध्ये 1 मीटर अंतर ठेवलं, तर जमिनीवरून परतणारा आवाज साधारण 3.6 मिलिसेकंद मागून येतो. तो गेट लावून, म्हणजे तो यायच्या आधीचाच वेळ धरून, कापला की आलेखातल्या 280 हर्ट्झच्या खालच्या रेषेवर विश्वास ठेवता येत नाही. खालचं मोजायला माईक कोनच्या अगदी जवळ, पाच-सहा मिलिमीटरवर धरायचा. ही पद्धत कील यांनी 1974 साली मांडली, आणि बंद पेटीला ती फार सोपी पडते.

पण मला सगळ्यात आवडली ती गावाकडची सोय. हरभऱ्याची रास झाली, सिमेंटचं खळं मोकळं झालं. पेटी खळ्यावरच ठेवून माईकच्या दिशेने किंचित कलती केली आणि माईक 2 मीटरवर जमिनीला टेकवून आडवा ठेवला. अशाने जमिनीवरून परतणारा आवाज वेगळा उरतच नाही. पातळी तेवढी 6 डेसिबलने वाढते, ती वजा करायची. सर्वांत जवळची भिंत पेटीच्या मागे 8 मीटरवर होती. पहाटे साडेपाचला वारा पडलेला असतो. सात वाजले की वारा सुटतो, रेषा खालून थरथरायला लागते. लॅपटॉप बॅटरीवरच चालवा, घरी इन्व्हर्टरवर असताना माझ्या मोजणीत गुणगुण घुसायची.

यूएसबी माईकची एक मर्यादा ध्यानात घ्या. क्रॉसओव्हरसाठी (सूर दोघांत वाटून देणारं सर्किट) वूफर आणि ट्वीटर यांच्यातला वेळेचा फरक नेमका लागतो, आणि अशा माईकला स्वतःचा लूपबॅक (पाठवलेला सिग्नल वायरीने परत आत घेऊन वेळ जुळवायची सोय) नसतो. आरईडब्ल्यूमधला ध्वनीचा टायमिंग संदर्भ (वेळ जुळवायला स्पीकरमधूनच वाजणारा खुणेचा आवाज) वापरून काम भागतं, पण मला ते जिकिरीचं वाटलं. चौथ्या महिन्यात 48 व्होल्ट फँटम (माईकला लागणारी वीज) देणारा दोन इनपुटचा इंटरफेस, म्हणजे बाहेरचं साउंडकार्ड, आणि एक्सएलआर माईक घेतला, एक चॅनल लूपबॅकला जोडला. त्यानंतर व्हिट्युइक्सकॅड या स्पीकर आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेला क्रॉसओव्हर आणि प्रत्यक्ष मोजलेला क्रॉसओव्हर जुळायला लागले. ट्वीटरच्या वायरी उलट जोडल्या की 2.4 किलोहर्ट्झला खोल खड्डा पडतो, म्हणजे सरळ जोडल्यावर दोघांचा आवाज तिथे नीट जुळतो. तो पहिल्यांदा दिसला त्या रात्री मला झोप लागली नाही.

व्हिट्युइक्सकॅड विंडोजवरच चालतं आणि शिकायला वेळ खातं. मला दीड महिना लागला.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी जिगच करावी, माईक नंतर. आणि रेझिस्टर लावण्याआधी मल्टीमीटरने मोजून खरा आकडाच सॉफ्टवेअरला द्यावा. माझा 100 ओहमचा 98.6 निघाला.