तत्रीजची पिशवी, चौदा महिन्यांनंतर: भरतकाम टिकलं, चेन नाही

फेब्रुवारीत लक्ष्मी रोडवर, भर गर्दीत, पिशवीची चेन गेली. रनर एका बाजूने सुटून हातात आला आणि दात उघडेच राहिले. पिशवी ५५ दिनारांची, म्हणजे साधारण साडेसहा हजार रुपयांची. तिला लावलेली चेन मात्र कुठल्याही दप्तराला असते तसली, वीस-पंचवीस रुपयांची.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षं जॉर्डनमध्ये, अम्मानला होतो. निघताना तिथल्या एका दुकानातून ही घेतली. काळं सुती कापड, त्यावर निळ्या दोऱ्याचं तत्रीज, म्हणजे फुल्यांच्या टाक्याचं पॅलेस्टिनी भरतकाम. मधोमध आठ टोकांचा तारा, ज्याला तिकडे 'बेथलेहेमचा चंद्र' म्हणतात. दोन्ही बाजूंना सरूच्या झाडांची रांग, खाली गुलाबांची वेल. सरू हे नाव ऐकून मला आपल्या किनाऱ्यावरचे सुरू आठवले होते. लाल दोऱ्याची पिशवीही होती, पण रंग जाईल या धास्तीने मी निळी उचलली.

अम्मानच्या घरी आणल्यावर शेजारच्या पॅलेस्टिनी आजींना दाखवली. त्यांचं कुटुंब १९४८ साली लिद्दाहून हाकललं गेलं, तेव्हा त्या चार वर्षांच्या होत्या. पिशवी हातात घेऊन त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "बिंती (पोरी), निळी का घेतलीस?" नातीने उलगडून सांगितलं. पॅलेस्टाइनच्या दक्षिणेकडच्या बेदुइन बायकांमध्ये विधवेच्या थोबावर, म्हणजे पायघोळ झग्यावर, निळं भरतकाम असे, आणि पुन्हा लग्न केलं की त्याच कपड्यावर लाल दोरा चढे. आता दुकानात निळा हा नुसता एक रंग आहे, त्यांची नातसुद्धा निळं घालते. पण आजींच्या डोळ्यांना ते पटलं नाही, हे मला दिसलं. गुलाबांवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हे आमचं जुनं नाही." १९३० च्या सुमारास डीएमसी या फ्रेंच दोऱ्याच्या कंपनीच्या नमुन्यांच्या पुस्तिका तिकडे पोचल्या, तेव्हापासून गुलाब आणि पक्षी थोबांवर आले. त्याआधी थोब बघून बाई कुठल्या गावची ते ओळखू यायचं. रामल्लाचं पांढऱ्या कापडावर लाल, बेथलेहेमचं रेशमावर जरीच्या दोरीचं, असं प्रत्येकाचं वेगळं.

त्या दिवशी मला पिशवी थोडी फसवी वाटली. निळी, त्यात गुलाबांची. आणि टाके इतके एकसारखे की हे मशिनचं तर नाही ना, असा संशय मनात बसला तो बसलाच. आत अस्तर पक्कं शिवलेलं, त्यामुळे उलटी बाजू बघायची सोय नाही. वर्षभर मी ती वापरली. पावसात भिजली, बँकेत गेली, भाजीही आणली, आणि निळा दोरा एकदाही फिका पडला नाही. संशय तसाच राहिला.

चेन गेल्यावर दुकानाला फोटो पाठवले. उत्तर आलं: भरतकामाची हमी आमची, चेनची नाही. मी म्हटलं, पिशवी म्हणून विकलीत ना? मग पिशवी बंद झाली पाहिजे. त्यावर म्हणे अम्मानला घेऊन या, फुकट बदलून देतो. पुण्याहून कुरिअरचा खर्च कोण देणार, याचं उत्तर तीन आठवडे आलं नाही. साडेसहा हजार मोजणाऱ्या माणसाला हे चालवून घ्यावंसं वाटत नाही.

शेवटी अप्पा बळवंत चौकाजवळच्या बॅग दुरुस्तीवाल्याकडे गेले. चेन बदलायला अस्तर उसवावं लागलं, आणि तिथेच उभ्या उभ्या मी उलटी बाजू पाहिली. मशिनच्या कामाला असतो तसा खाली कडक कागद नव्हता, बॉबिनचा पांढरा दोरा नव्हता. निळ्या दोऱ्याच्या लहान उभ्या रेघा, एकीखाली एक. दोऱ्याची टोकं आधीच्या टाक्यांखालून ओढून लपवलेली. एका सरूच्या बुंध्याशी पांढरा धागा अडकला होता, बोटभर लांब. साध्या कापडावर फुल्या सरळ याव्यात म्हणून वर जाळीचा कॅनव्हास टाचतात, भरून झाल्यावर त्याचा एकेक धागा ओढून काढतात. त्यातला हा राहून गेलेला. म्हणजे काम हाताचंच. माझ्या सासूबाई बेळगावच्या, कसुती हे तिकडचं बिनगाठीचं भरतकाम करणाऱ्या. त्यांना घरी दाखवलं तर चष्मा लावून म्हणाल्या, "गाठ कुठेच नाही गं."

मग मी मॅटीच्या कापडावर घड्याळ लावून बसले. माझ्या हाताने मिनिटाला पाच फुल्या होतात. पिशवीवरच्या एका भागातल्या मोजून हिशेब केला, साधारण सात हजार भरल्या. म्हणजे तेवीस तासांवर काम. सरावलेला हात माझ्याहून भराभर चालेल, तरी काही दिवस गेलेच. साडेसहा हजारांतून कापड, शिलाई, दुकानाचं भाडं आणि नफा वजा केला तर त्या बाईच्या हातात काय पडलं असेल? १९४८ नंतर निर्वासितांच्या छावण्यांमध्ये हे भरतकाम पोटासाठी होऊ लागलं. गाझात संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने 'सुलाफा' हा भरतकामाचा प्रकल्प १९५० पासून चालवला. २०२१ साली युनेस्कोने या कलेला वारशाच्या यादीत घेतलं. आणि एवढ्या कामाला दुकानदाराने चांगली चेन लावू नये, याचा मला अजूनही राग येतो. इतके दिवस मी पिशवी महाग म्हणत होते, ते मागे घेते. चेनबद्दलचं एक अक्षरही मागे घेत नाही.

घेणाऱ्यांनी शक्य असेल तर नुसता भरलेला कापडाचा तुकडा मागावा आणि पिशवी आपल्या माणसाकडून शिवून घ्यावी. तयारच घ्यायची तर चेन दहा वेळा उघडझाप करून बघा, आणि अस्तराची कड उलटून दाखवायला सांगा.

मी वायकेके कंपनीची पितळी चेन बसवली, मजुरीसकट २८० रुपये. अस्तर खालून शिवू दिलं नाही, तिथे तीन टिचबटणं लावून घेतली. पांढरा धागा आहे तिथेच ठेवलाय.