रोज एक पान, रोज एक बोल : टेबलावरच्या एका कॅलेंडरचे परीक्षण

गेल्या डिसेंबरात पुण्यातील एका प्रदर्शनात मी साडेचारशे रुपयांना टेबलावर ठेवायचे एक कॅलेंडर विकत घेतले. त्याला तारखेगणिक एक अशी ३६५ पाने आहेत आणि प्रत्येक पानावर मराठी बोलण्यातली एखादी म्हण, वाक्प्रचार किंवा नुसताच जिभेवर बसलेला एखादा शब्द, त्याखाली दोन-तीन ओळींत अर्थ आणि जमेल तेथे उगम दिला आहे. काढणाऱ्यांचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे दोष दाखवायचे आहेत आणि हा उपक्रम घरगुती, दोन-तीन जणांच्या हौसेचा दिसतो. जेवणाच्या टेबलावर पाच महिने ठेवून, आणि रोज एकच पान उलटण्याचा नियम अनेकदा मोडून पुढची पाने चोरून वाचल्यावर, हे लिहीत आहे.

खरे परीक्षण माझ्या आईने केले. तिचे वय ७८, माहेर सांगलीकडचे. सकाळच्या चहाबरोबर ती पान वाचे आणि निकाल देई, आणि तो बहुतेक वेळा 'असं कोण बोलतं?' असा असे. जानेवारीच्या ३१ पानांपैकी घरात किंवा शेजारीपाजारी प्रत्यक्ष ऐकलेल्या बोलांवर तिने पेन्सिलीने खूण करायची, असे आम्ही ठरवले. खुणा झाल्या ११. उरलेल्या वीस पानांवर 'इच्छी परा येई घरा'सारख्या म्हणी होत्या, ज्या आम्ही दोघांनीही शाळेत पाठ केल्या, परीक्षेत लिहिल्या आणि त्यानंतर जन्मात कोणाला ऐकवल्या नाहीत.

यामागचे कारण निवडीत जितके आहे तितकेच मांडणीतही आहे. मराठी माणूस म्हण पूर्ण म्हणतच नाही. लग्नघरात आधीच गोंधळ असताना कोणी आणखी चार पाहुणे घेऊन आला, की स्वयंपाकघरातून फक्त 'आधीच उल्हास' एवढेच ऐकू येते. फाल्गुन मास ऐकणाऱ्याने मनात जोडून घ्यायचा असतो. 'नाव सोनुबाई' म्हटले की पुरते, कथलाच्या वाळ्यापर्यंत जावे लागत नाही. 'पी हळद' या दोन शब्दांत समोरच्याच्या उतावळेपणाचा निकाल लागतो, आणि 'उचलली जीभ' म्हणून पुढचा टाळा गाळला तरी तो बरोबर लागतो. किंबहुना म्हण जितकी तोडावी तितकी ती आपल्या माणसांतली होते. पूर्ण म्हटली तर ऐकणाऱ्याला शिकवल्यासारखे वाटते. कॅलेंडराने मात्र प्रत्येक म्हण शेपटापर्यंत छापली आहे आणि ती कोठे तुटते याचा उल्लेख एकाही पानावर केलेला नाही.

असे असूनही हे कॅलेंडर मी परत केले नाही, आणि त्याचे श्रेय मार्चमधल्या एका सलग आठवड्याला आहे. त्या आठवड्यात संपादकांनी अशुभ टाळणारे बोल एकत्र आणले आहेत. सुरुवात 'येतो' या शब्दाने होते. घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. चुकून 'जातो' म्हटलेच तर आतून कोणीतरी 'येतो म्हणावं रे' अशी दुरुस्ती केल्याशिवाय राहत नाही. दुसऱ्या दिवशी 'वाढवणे' येते, आणि माझ्या मते संपूर्ण कॅलेंडरातले हे सर्वोत्तम पान आहे. बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, तेही वाढते. देवापुढचा नारळ फोडतात, पण म्हणताना वाढवतात. संध्याकाळी दुकानदार दुकान बंद करत नाही, वाढवतो. जे संपले, मोडले किंवा मिटले त्याला त्याच्या नेमक्या उलट अर्थाच्या क्रियापदाने झाकायचे, ही युक्ती रोज वापरत असूनही माझ्या कधी लक्षात आली नव्हती. त्यात याच धातूने आई पानात भात वाढते आणि याच धातूने मूल वाढते, त्यामुळे मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाची या पानावर काय अवस्था होईल, याची कल्पना करून आम्ही बराच वेळ हसलो.

त्यापुढच्या पानांवर, दिवा विझला न म्हणता मालवला किंवा शांत केला असे म्हणणे, रात्री सापाचे नाव न घेता 'लांबडं' किंवा नुसते 'जनावर' म्हणणे, साप चावला तर 'पान लागलं' म्हणणे, आणि ज्या रोगाने घरेच्या घरे ओस पडली त्याला 'देवी आल्या' म्हणणे, हे सारे नीट क्रमाने येते. देवीच्या पानावर एक जोड हवी होती : पुढे लस टोचायला माणूस दारी आला तेव्हा लोकांनी त्यालाही 'देवी काढणे' असेच म्हटले, आणि रोग १९८० साली जगातून गेल्याचे जाहीर झाल्यानंतरही दंडावरच्या त्या गोल व्रणांना आईच्या पिढीत 'देवीची खूण' हेच नाव उरले. 'नारळ देणे' हा वाक्प्रचार मात्र संपादकांनी याच आठवड्यात घालायला हवा होता. एकाच फळाने कार्यारंभही होतो आणि नोकरीवरून बोळवणही होते, हा विरोध शेजारी-शेजारी पाहण्यासारखा आहे. त्यांनी तो ऑगस्टात टाकला आहे.

इतिहासाची पाने दुबळी आहेत. पानिपतानंतर 'लाख बांगडी फुटली' असे म्हणतात. तेथे बांगडी 'वाढली' म्हणायला कोणाची जीभ धजली नाही, आणि मार्चमधल्या त्या पानाला याहून बोलका पुरावा मिळाला नसता. पण कॅलेंडरात हा बोलच नाही. त्याऐवजी १४ जानेवारीच्या पानावर 'संक्रांत कोसळणे' हा वाक्प्रचार १४ जानेवारी १७६१ या पानिपताच्या दिवशी संक्रांत होती म्हणून रूढ झाला, असे ठासून सांगितले आहे. हा समज सर्वत्र आढळतो, पण तो टिकत नाही. संक्रांत निरयन वर्षावर, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भात सूर्य पुन्हा त्याच जागी येण्याच्या काळावर चालते, ते वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे असते, आणि त्यामुळे संक्रांत साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या मकरसंक्रांतीचा आणि तारीख १२ जानेवारीची. मग त्याच्याही शंभर वर्षे आधी ती १४ तारखेला कशी असेल? हिशेबाने ती १७६१ मध्ये १० जानेवारीच्या आसपास येते. माझ्या मते या वाक्प्रचाराचे मूळ पंचांगातल्या संक्रांतीच्या वर्णनात शोधावे. तेथे ती एका वाहनावर बसून येते, विशिष्ट रंगाचे वस्त्र नेसते, एका दिशेकडे पाहते, आणि ज्यावर तिची नजर पडते त्याचे काही खरे नसते. 'यंदा पिवळ्यावर संक्रांत आहे' असे म्हणून साडी बदलणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना पानिपताशी काही कर्तव्य नव्हते.

'ध चा मा करणे' हे पान त्या मानाने सावध आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला ही घटना एका बाजूला, आणि आनंदीबाईंनी 'धरावे'चे 'मारावे' केले ही आख्यायिका दुसऱ्या बाजूला, अशी स्पष्ट फोड त्यात आहे. अशीच सावधगिरी जानेवारीत का सुचली नाही, कळत नाही. 'पाचवीला पुजलेले' हे पानही चांगले आहे : मुलाच्या जन्मानंतरच्या पाचव्या दिवसाची पूजा सांगून, दारिद्र्य किंवा कटकट जन्मापासूनच सोबत आहे हा अर्थ त्यातून कसा निघतो, ते तीन ओळींत उलगडले आहे.

छोट्या शब्दांना जागा दिली आहे, हे मला फार आवडले. 'असो', 'चालायचंच', 'जाऊ दे', 'बघू' यांना कोणी म्हणींच्या पंक्तीला बसवत नाही, पण दिवसभरात आपण हेच बोलतो. अर्थ मात्र शब्दकोशातून उचललेले दिसतात. 'बघू' म्हणजे 'विचार करून सांगतो' असे छापले आहे. ज्याने लहानपणी वडिलांकडे सायकल मागितली आहे त्याला 'बघू' म्हणजे 'नाही' हे ठाऊक असते, 'बघू या' म्हणजे थोडी आशा आहे हेही ठाऊक असते, आणि 'बघू, बघू' असे दोनदा आले की विषय पुन्हा काढायचा नसतो. हे बोल कोण, कोणाला, कोणत्या स्वरात म्हणतो, यातच त्यांचा सगळा अर्थ असतो.

प्रादेशिक बोलांची पाने नावापुरती आहेत. कोल्हापूरचा 'नाद खुळा', मालवणकडचे 'देवाक काळजी', नागपूरचे 'काय बे' आणि गोव्याचे 'सुशेगाद' एवढ्यावर काम भागवले आहे. शेवटचा शब्द पोर्तुगीजांकडून आला, हे तरी सांगितले आहे. मराठवाडा आणि खानदेश यांच्या वाट्याला एकही पान नाही, हे अन्याय्य आहे.

कागद जाड आहे, शाई पुसत नाही, अक्षर आईला चष्म्याशिवाय वाचता येते. शुद्धलेखन मात्र कोणीतरी पुन्हा तपासायला हवे होते. 'आशीर्वाद' हा शब्द दोन पानांवर 'आर्शिवाद' असा छापला आहे, आणि भाषेच्या कॅलेंडरात ते खुपते. स्पायरलची तार एप्रिलमध्येच सुटली. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात चाळीस रुपयांत नवी बसवून मिळाली, म्हणजे एकूण खर्च चारशे नव्वद धरावा.

तरीही घ्यावे, असेच मी सांगेन, विशेषतः ज्यांच्या घरी सत्तरीपुढचे कोणी आहे त्यांनी. पानांच्या मागच्या बाजू कोऱ्या आहेत. मार्चपासून आई छापील म्हणीच्या पाठीमागे तिच्या आईच्या तोंडचे बोल लिहू लागली आहे. आजवर चव्वेचाळीस झाले, आणि त्यांतले निम्मे मी प्रथमच ऐकले.