मॅजिकार्पला बडी करून आठ महिने झाले, आता सांगतो

जूनच्या पहिल्या पावसात मॅजिकार्पला बडी केला, म्हणजे गेममध्ये सोबत फिरवायचा जोडीदार, आणि आता फेब्रुवारी संपायला आलाय. पोकेमॉन गो (फोनवरचा, हिंडून पोकेमॉन नावाचे प्राणी पकडायचा गेम) खेळणारी आमच्या इथली पोरं सारखी विचारतात की दादा एवढे सगळे असताना हा मासाच का, त्यांच्यासाठी लिहितोय. लांब होणारय, चहा घेऊन बसा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. मॅजिकार्प म्हणजे पोकेडेक्समधला, म्हणजे पोकेमॉनच्या यादीतला, १२९ नंबरचा लाल मासा, पाठीवर मुकुटासारखा पिवळा पर, तोंडाला मिशा, आणि अख्ख्या पोकेमॉनच्या दुनियेत बिनकामाचा म्हणून फेमस. त्याला फास्ट मूव्ह, म्हणजे झटपट मारायचा वार, येतो एकच, स्प्लॅश, म्हणजे जागच्या जागी उड्या मारायच्या आणि डॅमेज शून्य. कमी वगैरे नाही, शून्य. जुन्या गेमबॉयवरच्या गेममध्ये एक माणूस हा मासा ५०० ला गळ्यात मारायला बसलेला असायचा आणि घेतला की कळायचं आपण गंडलो. पण तोच मासा तिथं लेव्हल २० ला पोचला की त्याचा ग्याराडोस होतो, नंबर १३०, साडेसहा मीटर लांब, वजन २३५ किलो. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशोब लिहितो त्यामुळं वजन म्हणलं की आपलं डोकं आपोआप चालतं, मॅजिकार्प १० किलोचा, म्हणजे १० किलोच्या मालाचे जवळजवळ अडीच क्विंटल, असा सौदा यार्डात कुणाला लागला तर तो पेढे वाटंल.

आता माझं आणि या माशाचं जुनं काय आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. २००३ ला कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन हिंदीतनं चालू झालं तेव्हा मी सातवीत. आमच्याकडं तेव्हा लोडशेडिंग म्हणजे रोजचं जेवण. टीम रॉकेट या चोरांच्या टोळीतला जेम्स जहाजावर एका विक्या माणसाकडनं मॅजिकार्प घेतो, मग जहाज बुडतं, मग तो मासा खायच्या पण लायकीचा नाही कळल्यावर जेम्स चिडून त्याला लाथ घालतो, आणि लाथ घातली तशी लाईट गेली. खोटं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात पोरं हात पसरून पसरून सांगत होती की केवढा मोठा झाला म्हणून आणि मी आपला मान हलवतोय जसं काय बघितलंय. तिथनं ते राहिलंच. गेम भारतात अधिकृत आला डिसेंबर २०१६ ला तेव्हा थोडे दिवस खेळलो, मग लग्न, मग महापूर, मग कोरोना, सुटलंच सगळं. गेल्या मे महिन्यात मिरजेहून भाचा सुट्टीला आलता, आठवीत आहे, त्यानं परत फोनमध्ये टाकून दिला आणि वर म्हणतो, "मामा, तू नुसता बसून असतोस, जरा हिंड तरी." बहिणीनं शिकवून पाठवलंय हे उघड होतं. पण हिंडायचंच तर कुणाला घेऊन, म्हणलं मॅजिकार्प. भाचा दोन मिनिटं माझ्याकडं नुसता बघत होता.

हिशोबाला येतो, माझा आवडीचा भाग. गो मध्ये ग्याराडोस करायला ४०० कँडी, म्हणजे गेममध्ये साठवायच्या गोळ्या, लागतात. बाकी बहुतेकांचं २५, ५०, १०० मध्ये काम भागतं. एक मॅजिकार्प पकडला की ३ कँडी, पिनॅप बेरी घालून पकडला की ६, नंतर तो प्रोफेसरकडं ट्रान्सफर केला की वर १. आणि बडी करून चाललं की दर १ किलोमीटरला १. हे १ किलोमीटर फार महत्त्वाचंय, कारण कित्येक पोकेमॉनला ३ किंवा ५ किलोमीटर लागतात आणि लेजंडरी म्हणजे दुर्मिळातला असला तर २०. म्हणजे चालायच्या मानानं हा मासा सगळ्यात स्वस्त. आणि नदीकाठाला पाण्यातले पोकेमॉन जास्त निघतात, आणि आपल्याकडं तर कृष्णाच आहे दाराशी. पाऊस चालू असला की गेममध्ये पाण्याच्या पोकेमॉनना वेदर बूस्ट, म्हणजे हवामानाप्रमाणं वाढीव ताकद, पण मिळतो. सांगलीत जून ते सप्टेंबर फुकट बूस्ट.

यार्डातनं सुटलो की गणपती मंदिराकडं गाडी लावायची, तिथनं घाट, मग आयर्विन पूल, आणि पाय बरे असले तर हरिपूरच्या रस्त्याला चिंचांच्या झाडाखालनं जमंल तेवढं. पहिल्या आठवड्यात मी शहाणपणा करून गाडीवरनं किलोमीटर काढायला बघितले, स्पीड जास्त झाला की मोजत नाही, मग हळू चालवायला लागलो तर मागनं रिक्षावाले आईबहिणीवर आले. सोडलं ते. अ‍ॅडव्हेंचर सिंक मात्र पहिल्या दिवसापासून चालू ठेवा, अ‍ॅप बंद असलं तरी पावलं मोजतं, यार्डात गोडाऊन ते ऑफिस ते काटा अशा माझ्या चकरा असतात त्या सगळ्या माशाच्या खात्यावर जमा व्हायला लागल्या. मालकाला वाटतंय मी कामाला लागलोय.

बडी म्हणून वागायला कसा आहे म्हणाल तर, गरीब. बेरी खायला घातली की मॅपवर तुमच्या मागनं येतो, आता मासा चालणार कसा, तर तो उड्या मारत मारत येतो, थाप थाप थाप. एवढी ओढ लावतो ना ते बघून. कॅमेरा लावून बोटानं कुरवाळायचं असतं, फोटो काढायचा असतो, या सगळ्याची हृदयं मिळतात. दर २ किलोमीटर चाललं की एक हृदय. १ हृदय झालं की गुड बडी, ७० ला ग्रेट, १५० ला अल्ट्रा, ३०० ला बेस्ट.

यातच एक किस्सा झाला. घाटाच्या पायरीवर मासा ठेवून फोटो काढायला मी वाकून पाण्याकडं फोन धरलेला, बराच वेळ, कारण तो फ्रेममध्ये बसंना. मागनं एक काका आले, "मगर दिसली व्हय?" आता आपल्या कृष्णेत मगरी आहेत हे सगळ्यांना माहितीये, औदुंबर, भिलवडी साईडला तर सर्रास, त्यामुळं प्रश्न काय चुकीचा नव्हता. मी नाही म्हणेपर्यंत अजून चार जण आले, एक म्हणतो तिकडं हललं बघा, एकानं तर व्हिडिओ पण चालू केला. दहा मिनिटं आम्ही सगळे पाण्याकडं बघत उभे. मी खरं सांगितलंच नाही. काय सांगणार, मासा बघतोय, जो नाहीये?

आईचं वेगळंच. पोकेस्टॉपवरनं (गेममध्ये सामान मिळायचं ठिकाण, देवळापाशी पण असतं) अंडं मिळालं हे मी घरात मोठ्यानं बोललो आणि ती म्हणाली देवळाजवळ कसली रे अंडी. हसू नका, २०१६ मध्ये गुजरात हायकोर्टात नेमकी याच कारणावरनं याचिका पडली होती. आईला म्हणलं ही खायची नाहीत, चालून फोडायची असतात. चतुर्थीला उघडू नको म्हणाली, तेवढं पाळतो.

जुलैअखेर ३१० कँडी. मग पाणी वाढायला लागलं. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे आकडे सांगलीकराला स्वतःच्या मोबाईल नंबरासारखे पाठ असतात, आणि २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं ज्यानं बघितलंय तो पाण्यानं ३० फूट ओलांडले तरी घाटाकडं जात नाही. तेव्हा आमच्या खालच्या खोलीत पाणी होतं, कपाट अजून फुगलेलंच आहे. तर एक सांगणं, पोकेमॉन कितीबी चांगला निघू दे, पाणी चढत असताना काठाला जायचं नाही आणि पुलावर स्क्रीनमध्ये डोकं घालून चालायचं नाही. मी पंधरा दिवस विश्रामबागेतल्या गल्ल्या तुडवल्या. तिथं मॅजिकार्प कमी निघतात, पण किलोमीटर ते किलोमीटर.

ऑगस्टच्या शेवटी पाणी उतरलं आणि ४०० भरले. म्हणलं हे काम घाटावरच करायचं. रविवार सकाळ, भुरभुर पाऊस, मासा माझा हल्ला, बचाव आणि दम यात १५-१३-१४ होता, म्हणजे ४५ पैकी ४२, चांगला आहे. (हे अप्रेझल आधी बघा, चारशे कँडी कसल्याबी माशावर घालू नका.) फोन माझा जुना, बॅटरी ६ टक्के, मला वाटलं बास झाली. बटण दाबलं. मासा मधी आला, पांढरा उजेड सुरू झाला, आकार लांबायला लागला, आणि फोन बंद.

मी पायरीवर बसून हसलो राव. बाविसेक वर्षांनी परत तिथंच लाईट गेली.

घरी येऊन चार्जिंगला लावला, उघडलं तर ग्याराडोस तयार, निवांत, जसं काय जन्मापासनं असाच आहे. नाव पण मी मॅजिकार्प असताना ठेवलेलं तेच, सोन्या. भाचा म्हणाला यूट्यूबवर बघ की मामा हजार व्हिडिओ आहेत. बघितलेत. ते दुसऱ्यांचे आहेत.

तर आता ग्याराडोस म्हणून सहा महिन्यांचा अनुभव. ताकद आहे, यात वाद नाही. जो मासा सीपी म्हणजे ताकदीच्या आकड्यात शंभर-दोनशेत घुटमळत होता तो पॉवर अप करत गेलं की तीन हजाराच्या वर जातो. माझ्याकडं वॉटरफॉल आणि हायड्रो पंप हे वार आहेत, आगीच्या आणि दगडाच्या रेडला (मोठ्या पोकेमॉनशी मिळून लढायला) मस्त चालतो, नंतर दुसरा चार्ज मूव्ह, म्हणजे एनर्जी भरून मारायचा मोठा वार, उघडून क्रंच घेतला. हायड्रो पंप भरायला वेळ लागतो, पण बसला की समोरचा गार. माणसांसमोर लढायचं असेल तर ड्रॅगन ब्रेथ बरा म्हणतात आणि ते खरंय, टीएम (वार बदलायची वस्तू) वापरून बदलून बघितला, पटापट एनर्जी भरते.

पण वीज. पाणी आणि फ्लाइंग असे दोन टाइप असल्यामुळं इलेक्ट्रिकचा मार याला डबल लागतो, २.५६ पट. समोर साधा पिकाचू उभा राहिला तरी आपला अडीच क्विंटलचा राक्षस लोळतो. भाच्यानं मला याच एका गोष्टीवर सलग नऊ मॅच हरवलं आणि प्रत्येक वेळी म्हणाला, "मामा, लाईट गेली." मेगा ग्याराडोस, म्हणजे त्याचं तात्पुरतं जास्त ताकदीचं रूप, केला की तो पाणी आणि डार्क होतो, मग विजेचा मार १.६ पटीवर येतो, पण किडे, फायटिंग, गवत, फेअरी हे नवीन शत्रू उभे राहतात आणि मेगा टिकतो आठ तास. मी दोनदाच केला. एकदा मेगा झाला की नंतर त्याला बडी म्हणून चालवून पण मेगा एनर्जी मिळते, चालणाऱ्या माणसाला हे परवडतं.

बडी म्हणून मात्र ग्याराडोस, खरं बोलू का, अवघड आहे. कॅमेऱ्यात मावत नाही. खोलीत फोटो काढायला गेलं तर नुसतं पोट दिसतं, मागं मागं सरकत मी एकदा देवघराला पाठ लावली. तोंड कायम वासलेलं, कुरवाळला तरी भडकल्यासारखाच दिसतो. बायको म्हणते आधीचा बरा होता, हा तुमच्या मालकासारखा वाटतो. हृदयं तीच पुढं चालू राहतात, नोव्हेंबरात ३०० झाली, बेस्ट बडी, त्याची रिबन लागते आणि बडी म्हणून लावलेला असेपर्यंत एक लेव्हल जास्त मिळते. मिळाली. पण ती थाप थाप उडी गेली ती गेलीच.

पैसे म्हणाल तर मी आजपर्यंत एक रुपया घातलेला नाही. खर्च झाला तो चपलांचा, दोन जोड. वजन तीन किलो उतरलं, पण भडंग तेवढंच खातो त्यामुळं पुढं जाईना.

कुणी घ्यावा: ज्याला रोज चालायचंच आहे आणि घाई नाही त्यानं. ज्याला आठवड्यात जिमवर, म्हणजे गेममधल्या लढाईच्या अड्ड्यावर, झेंडा लावायचाय त्यानं या माशाच्या नादाला लागू नये. आणि मोठ्या साइजचे मॅजिकार्प दिसले की सोडू नका, त्यांचं वेगळं मेडल आहे, ३०० मोठे पकडले की गोल्ड. माझे १४१ झालेत.

एक सांगायचं राहिलं. जानेवारीत हरिपूरच्या रस्त्याला मला सोनेरी मॅजिकार्प सापडला, शायनी, म्हणजे वेगळ्या रंगाचा दुर्मिळ. गो मध्ये सगळ्यात पहिला शायनी हाच आला होता, मार्च २०१७ ला, आणि त्याचा ग्याराडोस निळा नाही, लाल होतो. ताकदीनं माझा फालतूच आहे, एक स्टार. भाचा म्हणतो याच्यावर कँडी घालशील तर मामा म्हणणार नाही. ग्याराडोसला फिरवलं तरी कँडी मॅजिकार्पचीच मिळते त्यामुळं सोन्यानं बरीच जमवून ठेवलीय, आता सोनेरीला बडी केलाय, परत थाप थाप चालू. आज ३१८ आहेत. पॉवर बँक घेतलीय.