वार्क प्रश्नावली: वापरा, पण बेताने

शिकण्याची शैली, म्हणजे कुठल्या पद्धतीने शिकायला आवडतं, हे सांगणाऱ्या शिक्षणतज्ज्ञ नील फ्लेमिंग यांच्या वार्क चाचणीत 16 प्रश्न आहेत. बघून, ऐकून, वाचून-लिहून की करून शिकायला आवडतं, याचे चार वेगळे गुण मिळतात. एका प्रश्नाला दोन-तीन उत्तरंही चालतात. बरेच जण एकच निवडतात आणि निकाल तिथेच बिघडतो. याच प्रकारच्या, शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांच्या चाचणीत अर्धवट वाक्यं असतात, प्रत्येकाच्या चार पर्यायांना क्रम लावायचा. डोक्याला ताप, पण पळवाट नाही.

खरी गोम वेगळीच. चाचणी आवड मोजते, कुवत नव्हे. शैलीनुसार शिकवल्याने जास्त शिकलं जातं याला पुरेसा पुरावा नाही, असं मानसशास्त्रज्ञ पॅशलर व सहकाऱ्यांचा 2008 चा आढावा सांगतो. नकाशा नुसता ऐकून कळत नाही, उच्चार नुसते वाचून जमत नाहीत. निकाल काहीही येवो, पुस्तक मिटून आठवेल ते लिहा, दोन दिवसांनी पुन्हा लिहा.