ड्रम शिकायला व्हिडिओ बरे की रेकॉर्डिंग?

स्टिक धरता येते, साधा रॉक बीट हातात बसलाय आणि आता पुढचं कुठून घ्यायचं, असा प्रश्न पडलेल्यांसाठी हे लिहितोय. एकट्याने सराव करणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. शिकवणीचे व्हिडिओ बघायचे, नाहीतर आवडत्या ड्रमरचं रेकॉर्डिंग लावून त्याच्यासोबत वाजवायचं. मी दोन्ही वाटांनी बरीच वर्षं चाललो आहे. (चांगला शिक्षक मिळत असेल तर आधी त्याच्याकडे जावं, हे वेगळं सांगायला नको. रश या रॉक बँडचा ड्रमर नील पर्ट जगभर नावाजला गेल्यावर, चाळिशीत, ड्रमशिक्षक फ्रेडी ग्रुबर यांच्याकडे नव्याने शिकायला गेला.)

व्हिडिओमुळे हात दिसतात, आणि त्याला तोड नाही. घोस्ट नोटला (जेमतेम ऐकू येणाऱ्या हलक्या ठोक्याला) स्टिक कातड्यापासून किती कमी उचलायची, तिची उसळी बोटांनी कशी झेलायची, पेडलवर टाच कधी उचललेली असते, हे नुसतं ऐकून कळणं कठीण. एक फिल (ठेक्याच्या मध्येच वाजवायचा छोटा तुकडा) मी कित्येक महिने उलट्या हाताने वाजवत होतो. ठोके रेकॉर्डिंगसारखेच ऐकू यायचे, पण आधी कोणता हात पडतो हे कानाला कसं कळणार? व्हिडिओ पाहिला आणि दहा मिनिटांत गाठ सुटली.

तरी मला एक गोष्ट सतत टोचत राहिली. शिकवणारा ठेका चार बार, म्हणजे चार आवर्तनं, वाजवतो, थांबतो आणि बोलायला लागतो. मीही चार बार वाजवतो, जमलं म्हणतो आणि पुढे जातो. हाफ-टाइम शफल नावाचा झुलता ठेका मी असाच शिकलो. तीन-तीनच्या गटात पहिला आणि तिसरा ठोका हाय-हॅटवर (झांजांच्या जोडीवर), मधला स्नेअरवर (समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवर) हलका, आणि बॅकबीट, म्हणजे स्नेअरचा जोरदार ठोका, तिसऱ्या मात्रेवर. पंधरा दिवसांत स्वच्छ वाजायला लागलं. मग बँडसोबत बसलो. पहिलं कडवं छान गेलं. दुसऱ्या कडव्यात उजवं मनगट ताठरलं, मधले हलके ठोके जड झाले आणि लय पुढे पळायला लागली. बेस गिटार वाजवणारा माझ्याकडे बघत होता. चार बारांपलीकडे हा ठेका मी कधी वाजवलेलाच नव्हता, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

मग मी तोच ठेका असलेलं टोटो या बँडचं ‘रोझॅना’ (१९८२) लावलं. पाच मिनिटांहून लांब गाणं, आणि ते कुणासाठी थांबत नाही. सुरुवातीला दीड मिनिटाच्या पुढे जाता येत नव्हतं. त्या दीड मिनिटात मनगट कुठे आवळतं ते समजलं. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) बेसला धरून कशी चालते तेही ऐकू आलं. मला वाटतं, एकट्या ड्रमच्या व्हिडिओत हे सहसा सापडत नाही. निदान मला तरी सापडलं नाही.

‘रोझॅना’वर ड्रम वाजवणाऱ्या जेफ पोर्कारोने हा ठेका कुठून आला ते एका शिकवणीच्या व्हिडिओत स्वतः सांगितलं आहे. ड्रमर बर्नार्ड पर्डीचा शफल, लेड झेपलिनच्या जॉन बॉनमचा ‘फूल इन द रेन’मधला (१९७९) ठेका आणि किकला गायक-गिटारवादक बो डिडलीची चाल. म्हणजे हा उलगडा मला व्हिडिओतूनच झाला, ते श्रेय द्यायलाच हवं. पण ते तिन्ही धागे त्याच्याकडे आले ते इतरांचं वाजवणं ऐकून. जॅझ ड्रमर टोनी विल्यम्सनेही त्याच्या आधीचे ड्रमर मॅक्स रोच, आर्ट ब्लेकी, फिली जो जोन्स यांची हुबेहूब नक्कल करण्यात बराच काळ घालवला होता. १९६३ मध्ये तो ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये आला तेव्हा सतरा वर्षांचा होता, आणि तेव्हाच त्याचं वाजवणं इतर कुणासारखं वाटत नव्हतं.

रेकॉर्डिंगची वाट सगळ्यांना मानवेल असं मी म्हणणार नाही. मनगट दुखत असेल किंवा स्टिकची पकडच चुकत असेल, तर गाण्यांसोबत वाजवून ती चूक आणखी मुरेल. तिथे आधी व्हिडिओच बघा. हात ठीक चालत असतील, तर मी तरी आठवड्यातले पाच दिवस रेकॉर्डिंगला देईन.

सुरुवातीला संथ, साध्या ठेक्याचं एकच गाणं घ्या. हेडफोनमध्ये आवाज बेताचा ठेवा, म्हणजे स्वतःचा स्नेअरही ऐकू येईल. पहिला आठवडा एकही फिल वाजवू नका. फिलच्या जागीही ठेकाच चालू ठेवा आणि गाणं संपेपर्यंत थांबू नका.