ऑस्ट्रिया वाट्याला आला तर: इटली की रशिया?

धरमपेठेत कूलरसमोर डिप्लोमसीचा, म्हणजे युरोपच्या नकाशावर सात जणांनी खेळायच्या खेळाचा, पट मांडला, की ऑस्ट्रिया कोणालाच नको असतो. सात सत्तांत सगळ्यांत आधी चेंगरला जाण्याचा धोका त्यालाच. १९०१ च्या वसंतात, म्हणजे पहिल्याच खेळीत, मैत्री करायची तरी कोणाशी?

इटलीशी जमलं तर पाठ मोकळी. त्याचं व्हेनिस आणि आपलं ट्रिएस्ट एकमेकांना खेटून, म्हणून भांडण दोघांनाही महागात पडतं. ट्रिएस्टचं आरमार अल्बानियात, बुडापेस्टची फौज सर्बियात. पुढच्या खेळीत, शरदात, सर्बियातल्या फौजेचा पाठिंबा घेऊन आरमार ग्रीसमध्ये. सर्बिया आणि ग्रीस, नवी फौज मिळवून देणारी दोन्ही केंद्रं आपली. इटली तोवर ट्युनिस घेतो, पुढे जहाजं तुर्कस्तानाकडे वळवतो.

रशियासोबत तुर्कस्तान लवकर चेपता येतो, हे खरं. पण सगळी भिस्त आपल्या दोघांमधला गॅलिशिया प्रांत रिकामा राहण्यावर. गॅलरीत कुजबुजत दिलेला शब्द खरा की खोटा, ते सगळ्यांनी लपवून लिहिलेल्या चालींच्या चिठ्ठ्या उघडल्या की कळतं. "काहून बे, येत नाही म्हनला होता ना?" तोवर रशियाची वॉर्सातली फौज गॅलिशियात, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट, दोन्हींच्या दाराशी.

मी इटलीच घेईन. रशियाशी बोलणं मात्र तोडायचं नाही: व्हिएन्नाची फौज गॅलिशियाकडे टाकायची आणि त्याला तसं आधीच सांगायचं. दोघांच्याही फौजा तिकडे निघाल्या तर दोन्ही जागच्या जागी अडतात, गॅलिशिया रिकामाच राहतो.